अंबुजाअक्कांची सही

अंबुजाअक्कांनी मला वाचवलं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना मी घाबरत जाईन आणि मूळ गोष्टच राहून जाईल. मी त्यांच्याकडे मदत मागितली नव्हती. त्यांनीही मला विचारलं नाही. केलं, आणि त्याबद्दल एक शब्द बोलू दिला नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि सांभाळायच्या, एवढं काम. पहिल्या दिवशी मी वर गेलो तर पन्नाशीच्या पुढच्या एक बाई पडद्यावरचं पान पुटपुटत वाचत होत्या. एकही शब्द न गाळता. मथळा, मजकूर, बटणांवरची अक्षरं, तळाची बारीक ओळ, आणि सगळ्यात शेवटी वरच्या पट्टीतला पत्ता, त्यातल्या तिरक्या रेघांसकट. मला वाटलं, बाई जप करताहेत. मी दाराशी उभा राहिलो. वाचन संपल्यावर त्यांनी तमिळमध्ये माझं नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं तशी खुर्ची वळवली आणि मराठीत म्हणाल्या, "मग इतका वेळ मजकडून तमिळ काय म्हणून बोलवितोस?"

घरापासून इतक्या लांब मराठी ऐकून माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. डबा उघडला, डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, पुढे सरकवली. आमच्या घरी आई करते तेच डांगर, फक्त फोडणी निराळी.

मी आटपाडीकडचा. नववीत शाळा सुटली. आमच्याकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. लांबच्या मामाबरोबर मीही इथं आलो. पाच-सहा वर्षं ॲसिडच्या धुरात काढली आणि छाती बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे सोड. मग फोनवर व्हिडिओ बघून बघून वेबसाइटचं काम शिकलो. तमिळ बोलायला येत होतं, वाचायला अजिबात नाही. ऑफिसात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी जाईल ही भीती.

अक्कांचं उलटं होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथं आले. घरात मराठी, पण देवनागरी वाचता येत नाही. वाण्याची यादी मराठीत, तीही तमिळ अक्षरांत. पुण्याच्या नातेवाइकांची लग्नपत्रिका आली की मला वाचायला बसवत. मी नावं आणि तारीख वाचून थांबलो की म्हणत, "खालचं बारीक कोण वाचेल? तुझा मामा?" मी म्हणायचो, "अक्का, खाली प्रेसचं नाव आहे नुसतं." "असूं दे. लिहिणाऱ्यानें हात दुखवून लिहिलें, तूं तोंड दुखवून वाच."

"वाचल्याविना हात लावूं नये," हे त्यांचं रोजचं बोलणं. आणि माझ्या मराठीची चेष्टा. "तुझं मराठी पेपरांतलं, तंबी. माझं स्वयंपाकघरांतलं. पोट कशानें भरतें तें तूंच सांग." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असेन, पण त्यांना मूल नव्हतं, आणि उगीच कुणाची आई व्हायची त्यांना हौसही नव्हती.

त्या आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, ऑफिसला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. त्यांचं नाव लिहीत नाही. एका मालकाचे पाच धंदे आणि पाच वेबसाइट: मंगल कार्यालय, दागिने, लॉज, रक्त तपासणीची लॅब आणि लग्नं जुळवायची साइट. त्यांना पाचही ठिकाणी एकच मोजणीचा कोड हवा होता. कोणत्या पानावर किती माणसं आली हे तो कोड मोजतो. शिवाय पाचही पत्ते एकमेकांना जोडायचे होते, म्हणजे एका साइटवरचा माणूस दुसरीवर गेला तरी तो नवा न धरता तोच धरला जाईल. जोडणी बरोबर झाली की एका साइटवरून दुसरीकडे जाताना पत्त्याला मागे एक लांब शेपूट लागतं. ते दिसलं की समजायचं, माणूस ओळखला गेला.

ऑफिस चालवणाऱ्या आमच्या सरांनी हे काम मला दिलं. मी चार दिवस मान वर केली नाही. एकूण एक पानावर कोड चिकटवला, पाचही पत्ते यादीत घातले, लॅबवरून लग्नाच्या साइटवर जाऊन पाहिलं, शेपूट लागलं. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन दुकानदाराला चहा पाजला. संध्याकाळी सरांनी कामाच्या तपासणीचा कागद पुढे केला, सगळा तमिळमध्ये. मी सही केली.

अक्का त्या आठवड्यात बहिणीकडे ओरत्तनाडूला गेल्या होत्या. सोमवारी आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि मोजणीच्या यादीतली पानं नेहमीसारखी वाचायला लागल्या. मी कौतुकाची वाट पाहत होतो. एका ओळीवर त्यांचा आवाज बारीक झाला.

"हें पान कशाचं, तंबी?"

"लॅबचं. फॉर्म असेल."

"असेल?" त्यांनी ते पान उघडलं. "वर काय लिहिलें आहे?"

मी उगीच पान खाली सरकवलं.

"तुला वाचतां येत नाहीं हें मला दुसऱ्या दिवशींच कळलें. पाटी असून बायकांच्या संडासांत शिरला होतास." त्या हसल्या नाहीत. "हें रिपोर्ट पाहण्याचं पान. आतां पत्ता बघ."

पत्त्यात माणसाचा मोबाइल नंबर होता. नंबरापुढे तपासणीचं नाव, ते इंग्रजीत होतं. तेवढं मलाही वाचता आलं. गर्भाची तपासणी, क्षयाची, आणखी काही ज्यांची नावं माणूस घरातही हळू घेतो. लॅबची साइट कुणीतरी पूर्वी तशी वाईट बनवली होती. पण ते पत्ते उचलून दुसऱ्यांच्या पुढ्यात ठेवणारा कोड माझा होता. आणि लग्नाच्या साइटवरही नाव नोंदवताना तोच मोबाइल नंबर पत्त्यात येत होता. यादी ज्याच्या हातात, त्याला दोन्ही ओळी एकाखाली एक दिसत होत्या.

"माणूस डॉक्टराकडे एका दारानें जातो, सोयरीक करावयास दुसऱ्या दारानें," अक्का म्हणाल्या. "तूं मधली भिंत काढून टाकिलीस."

मी सरांकडे गेलो, मागून अक्काही आल्या. सर ऐकून घेत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालकाचा मॅनेजर होता. फोन स्पीकरवर, टेबलावर ठेवून सर बोलत होते, म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज अगदी गोड. "ते नंबर दिसतात ना, ते तसेच राहू द्या. आम्हाला उपयोग होतो." एवढंच, आणि पोरानं काम छान केलं असा माझ्यासाठी निरोप.

सरांनी फोन उचलून खिशात घातला. सहीचा कागद काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुझी सही आहे कागदावर." अक्कांनी तो कागद मागून घेतला आणि मला मराठीत अर्थ सांगितला: सर्व पानं मी स्वतः वाचली, कोणाचीही खाजगी माहिती नोंदली जात नाही, जबाबदारी माझी. खाली माझी सही, मी शाळेत गिरवली होती तशी, ठसठशीत.

सर म्हणाले, दोन दिवस थांबू, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मोजणीचं पान उघडं होतं. या घडीला साइटवर कितीजण आहेत तो आकडा तिथं दिसतो. आकडा होता एक. अक्का वाचत होत्या. रिपोर्टचं पान, एक नंबर, तपासणीचं नाव. मग शेपूट लागलं, लग्नाची साइट, तोच नंबर. मग पुढचं पान. अक्का मध्येच थांबल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना वाचताना मध्येच थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"काय आहे, अक्का?"

"नांव काढून टाका, असें बटण आहे. त्या मुलीनें तें दाबलें."

ती मुलगीच होती की तिचा बाप, आम्हाला कळलं नाही. त्या रिपोर्टवरून तिला मालकाच्या माणसांनी फोन केला होता का, तेही कळलं नाही. आकडा शून्य झाला. बाहेर गल्लीत नारळवाला ओरडत होता आणि आम्ही दोघं त्या शून्याकडे पाहत बसलो.

मग अक्कांनी खुर्ची ओढली. लॅबच्या सगळ्या पानांवरून कोड काढला, लग्नाच्या साइटवरून काढला, जोडलेल्या यादीतून ते दोन्ही पत्ते खोडले. तोवर साठलेलं पुसून टाकायची मागणीही भरली. प्रत्येक पान काढण्याआधी वाचत होत्या. मी म्हणालो, "अक्का, लवकर करा, सर येतील." त्या म्हणाल्या, "येऊं दे. घाईनेंच तर हें अस्की जाहलें." अस्की म्हणजे सगळं.

सर आले तेव्हा अक्का तपासणीचा कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. माझ्या सहीवर एक सरळ रेघ मारली होती. खाली तमिळमध्ये लिहिलं होतं की ही पानं मी, अंबुजा, वाचली. त्यांत लोकांची खाजगी माहिती आहे. म्हणून कोड मी काढला आहे. आणि त्यांची सही.

"अक्का, ही माणसं साधी नाहीत," सर म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"ठाऊक आहे."

"पोराची चूक पोराला निस्तरू द्या."

"त्याला उद्यां कुणी विचारलें, वाचलें होतेंस काय, तर तो काय सांगेल? हो म्हटलें तर लबाड, नाहीं म्हटलें तर मूर्ख. मी वाचलें आहे. मला विचारूं दे."

मी काही बोललो नाही. हे लिहायलाच हवं. माझी नोकरी, मामाकडची खोली, घरी पाठवायचे पैसे, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि माझी जीभ उचलली नाही.

शनिवारपासून अक्कांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. सोमवारी दोन माणसं मोटरसायकलवरून खाली दुकानात आली आणि अक्कांचं घर कुठलं ते विचारून गेली. दुकानदारानं माहीत नाही म्हटलं. त्याला माहीत होतं. त्याच दुपारी अक्का एक पिशवी घेऊन बहिणीकडे निघाल्या. मी जुन्या बसस्टँडवर गेलो. "माझ्यामुळे झालं, अक्का," म्हणालो. त्या बसची पाटी वाचत होत्या, मार्ग, गाड्यांच्या वेळा, सगळं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्यामुळें जाहलें, खरें. आतां रडून बसचा खोळंबा करूं नको." मग खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, क्षणभरच.

आता वकिलाची नोटीस आली आहे. मालकाचं नुकसान केलं म्हणून. ती त्यांच्या नावावर आहे, कारण कागदावर त्यांचं नाव आहे. मी अजून त्याच ऑफिसात, त्याच टेबलाशी बसतो. खाली मोटरसायकल थांबली की माझे हात कीबोर्डवरून उचलले जातात. दर रविवारी ओरत्तनाडूच्या बसनं जातो. कालव्याकाठच्या त्या घरात अक्का मला तमिळ अक्षरं गिरवायला लावतात आणि नोटिशीबद्दल विचारलं की म्हणतात, "अप्पुरम," म्हणजे नंतर.

कोर्टाची तारीख अजून पडलेली नाही. पडेल. त्या दिवशी मी अक्कांच्या आधी तिथं जाऊन उभा राहणार आहे आणि सांगणार आहे की कोड मी चिकटवला, न वाचता सही मी केली, रेघ मारलेली ती सही माझी आहे. कदाचित आवाज फुटणार नाही. मग लिहून देईन, तमिळमध्ये, माझ्या हातानं. अक्का, तुम्हाला हे देवनागरी वाचता येत नाही, म्हणून रविवारी मी हे सगळं वाचून दाखवीन, खालच्या ओळीसकट. तुमचं हे ऋण मी फेडीन.