लोणावळ्याला न जाणारी फियाट

उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात शिवराम मिस्त्रीचं नाव खणखणीत होतं. गाडीची वायरिंग म्हटली की कुणाचंही बोट त्याच्याच दुकानाकडे वळायचं. आता दुकान तरी केवढं? दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहून बोलावं एवढं. पण अंबरनाथच्या कारखान्यात बारा वर्षं वायरमनकी केलेला माणूस तो, त्याचं काम बघत राहावं असं. ‘आपल्या हातची वायर आजवर फसलेली नाही,’ हे दिवसातून एकदा तरी तो ऐकवायचाच. ऐकणारे मान डोलवायचे, कारण ते खरं होतं.

एकोणनव्वद साली त्याला लकवा मारला. जीव वाचला, पाय हळूहळू वळणावर आले, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. भाऊबंद म्हणाले, दुकान विकून टाक. शिवरामही मनातून त्याच वाटेला लागला होता. पण हेंद्रेपाड्यातल्या घरात भाकरी थापता थापता त्याची बायको सरस्वती म्हणाली, “हात गेलाय ना? डोकं जागेवर आहे की नाही? मग डोकं तुमचं, हात माझे. उद्यापासून मी येते.”

सातवी शिकलेली बाई! पहिल्या महिन्यात ॲसिडनं तिच्या दोन साड्यांची चाळण केली. दुसऱ्या महिन्यात बोटं सोलवटली. तिसऱ्या महिन्यात तिनं एका टेम्पोचा सेल्फ एकटीनं खोलून परत बसवला आणि स्टुलावर बसलेल्या शिवरामला एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी शिवराम घरी जाईपर्यंत गप्प होता. गप्प बसला नसता तर रडला असता.

पण बाजार कुठं सुधारतोय? तीन वर्षं झाली तरी गाडी तिच्या हातात आणि गिऱ्हाइकाची नजर शिवरामवर. “मिस्त्री, बाई बरोबर करतेय ना?” समोरचा टेम्पोवाला नाथा तर रोज टोमणा मारायचा, “वहिनी, मीठ जास्त नका घालू बॅटरीत!” सरस्वती उत्तर द्यायची नाही. पान्यावर राग काढायची.

ब्याण्णव सालच्या जानेवारीत एका सकाळी कॅम्प एकचा हरेश शेठ आपली पांढरी फियाट ढकलत घेऊन आला. त्याचे वडील, कापडवाले लधाराम शेठ, जाऊन आठ दिवस झाले होते. त्याआधी दहा दिवस ते दवाखान्यात होते, आणि नेमकं तेव्हापासून गाडीनं छळ मांडला होता. दोनदा दुसरीकडे बॅटरी चार्ज केली, दोन दिवसांत परत ठप्प.

“नवीनच टाका,” हरेश म्हणाला. “उद्या पहाटे आईला आणि बाबांच्या अस्थी घेऊन नाशिकला निघायचंय.”

सरस्वतीनं नवी बॅटरी बसवली. क्लॅम्प गरम पाण्यानं धुतले, ग्रीस लावलं. एवढ्यावर हात पुसून मोकळी झाली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण तिला सवय, डॅशबोर्डाच्या खाली डोकावल्याशिवाय गाडी सोडायची नाही. डोकावली, तर चार्जिंगच्या दिव्याचा होल्डर रिकामा. बल्बच नाही! तिनं आपल्या डब्यातला एक बल्ब काढला आणि बसवला.

हरेशनं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आणि डॅशबोर्डावर लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं की तो विझायला हवा. विझेना. रेस देऊन झाली, तरी तो आपला लालबुंद.

“ये क्या है?” हरेश भडकला. “इतकी वर्षं ही बत्ती कधी लागली नाही. आज बाईनं हात लावला आणि लागली!”

“होल्डरात बल्बच नव्हता शेठ, मी घातला,” सरस्वती म्हणाली. “म्हणजे दुखणं जुनंच आहे. डायनामो बॅटरी भरतच नाहीये. आज दिसलं, एवढंच.”

“वा! आता बल्बचा दोष!” नाथा टेम्पोतून ओरडला. चार माणसं जमलीच. आपल्याकडे माणसं जमायला वेळ लागतो का?

स्टुलावर शिवरामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण तो बल्ब त्यानंच काढला होता.

शहाऐंशी सालची गोष्ट. लधाराम शेठ एका दुपारी एकटेच आले होते. पोरगा उठसूट दोस्तांना भरून लोणावळा गाठतो, घाटात एकदा मरता मरता वाचलाय, सांगून ऐकत नाही, असं म्हणत म्हातारा डोळ्यांत पाणी आणून बसला. मग शिवरामनं डोकं लढवलं. डायनामोच्या फील्डच्या वायरीत एक छोटा खटका घातला आणि तो पुढच्या कप्प्याच्या मागं लपवला. खटका बंद केला की डायनामो बॅटरी भरायचं थांबवणार. गाडी बाजारात फिरेल, कल्याणला जाऊन येईल, पण लांब निघाली की बॅटरी बसणार. लाल दिवा चुगली करील म्हणून त्याचा बल्बही काढून टाकला. म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले होते. “शिवराम, मेरे बेटे को कभी पता नहीं लगना चाहिए. वचन दे.” शिवरामनं दिलं.

आणि आता दवाखान्यात जाण्याआधी म्हाताऱ्यानं खटका बंद केला असणार, आणि तो तसाच राहिला. जिवंत माणसाला दिलेला शब्द एखादे वेळी परत मागता येतो. मेलेल्याकडून कसा मागायचा? उद्या बापाच्या अस्थी मांडीवर घेऊन निघणाऱ्या पोराला आज सांगायचं, की तुझ्या बापाचा तुझ्यावर काडीचा भरवसा नव्हता?

“अहो, काही सुचतंय का?” सरस्वतीनं विचारलं.

शिवरामनं नजर खाली घातली.

“तोंडात गुळणी धरलीय का?” ती दात-ओठ खात पुटपुटली.

हरेशनं शेवटचं सांगून टाकलं. “मी ठाण्याहून मिस्त्री आणतो. आणि अख्ख्या बाजाराला सांगतो, इथं बाईच्या हाती गाडी देऊ नका.”

तीन वर्षांची तिची मेहनत एका वाक्यात मातीत जाणार होती, आणि ते वाक्य थांबवणारे दोन शब्द त्याच्या जिभेवर होते.

“एक तास द्या,” सरस्वती म्हणाली. “नाही जमलं तर मीच बाजारभर सांगत फिरते.”

हरेश समोरच्या हॉटेलात चहाला जाऊन बसला. सरस्वतीनं पदर खोचला. पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. डायनामोचे कार्बन काढून पाहिले, चांगले होते. दोन्ही टोकं जोडून टेस्टचा दिवा लावला, तर तो असा झगझगला की नाथासुद्धा टेम्पोतून वाकून बघायला लागला. म्हणजे डायनामो ठणठणीत. रेग्युलेटरचे पॉइंट घासले, काही फरक नाही. शेवटी फील्डच्या वायरीच्या एका टोकाला करंट दिला आणि दुसऱ्या टोकाला दिवा धरला. अंधार.

“वायर!” ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती चाचपत निघाली, बोटाबोटानं, इंजिनापासून आतपर्यंत. शिवराम बघत होता. एका जागी तिची बोटं थांबली. तिथं दोन जादा वायरी मुख्य जुडग्यात बेमालूम मिसळल्या होत्या आणि वर मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याची गाठ होती. ही गाठ बाजारात दुसरं कोणी मारत नव्हतं. कारखान्यातली पद्धत ती. तो दोरा लग्नापासून सरस्वतीच घरी मेणावर ओढून द्यायची.

तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. शिवराम नाथाच्या टेम्पोचं चाक बघत होता, जन्मात कधी चाक पाहिलं नसावं तसं.

सरस्वतीनं इंजिन सुरू केलं, कप्पा उघडला, हात पार मागं घातला. खट्. लाल दिवा विझला.

बाजारातल्या एकाही माणसाला त्या क्षणी कळलं नाही, पण शिवरामचा जीव सुपाएवढा झाला. सहा वर्षांत तो खटका कुणालाही सापडला नव्हता. सर्व्हिसिंगवाल्यांना नाही, खुद्द हरेशला नाही. हिला एका तासाच्या आत! वाटलं, उठून ओरडावं.

ती जवळ आली. “कुणासाठी हे?” तिनं हळूच विचारलं.

“म्हाताऱ्यासाठी. पोरगं लोणावळ्याला पळायचं म्हणून. शब्द घेतलाय त्यानं, पोराला कळू द्यायचं नाही.”

खटका काढून हरेशच्या हातावर ठेवला की संपलं, तिचं नाव धुतल्या तांदळासारखं. शिवरामला वाटलं, ठेवील. ठेवला तर तिला बोलायचं तोंड आपल्याला नाही. ती परत गाडीत शिरली, पकडीनं खटका कापून काढला, कमरेच्या पिशवीत टाकला आणि वायर सरळ जोडून टाकली.

हरेश आला. दिवा विझलेला पाहून म्हणाला, “काय होतं?”

“फील्डची वायर तुटली होती. जोडली.”

“तुटली की तोडली? सकाळपासून तूच हात घालतेयस.”

नाथा फिसकन हसला. स्वतःचं नाव जात असताना, न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा शब्द सांभाळत सरस्वती पान्याचं ग्रीस पुसत राहिली.

शिवरामला ते बघवेना. शटरला धरून तो उभा राहिला.

“शेठ, ती वायर माझ्या हातची. शहाऐंशी साली तुमच्या वडिलांनी काम दिलं होतं, जोड मी मारला. तुमची गाडी बॅटऱ्या खात होती ती माझ्या जोडामुळं. इथं तासभर बसून मलाही कळलं नाही. हिनं शोधून काढलं.”

ज्या माणसाच्या हातची वायर फसत नव्हती, तो भर रस्त्यात सांगत होता, फसली. नाथानं टेम्पोची काच वर केली.

हरेश सरस्वतीकडे वळला, आणि त्याचा आवाज उतरला. “बहनजी, नाशिकपर्यंत जाईल ना?”

“नाशिक काय,” सरस्वती म्हणाली, “लोणावळ्याला न्या!”

गाडी गेली. सरस्वती कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

“दर रविवारी विहारात ‘मुसावादा’ म्हणता, खोटं बोलणार नाही म्हणून. आणि भर बाजारात ठोकून दिलंत, ‘मलाही कळलं नाही’ म्हणून?”

“बाकी सगळं खरं होतं,” शिवराम म्हणाला. “तेवढंच एक खोटं. पुढच्या रविवारी बघू.”

ती हसली नाही. “तीन वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकानं मला विचारलं, तुम्हाला नाही. वाईट वाटलं का?”

“वाटलं की. खोटं कशाला बोलू? वाटलं.” त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. “मग बघितलं, अख्खा बाजार तुझ्याकडे बघत होता. म्हटलं, बघा लेको, नीट बघून घ्या. बायको आहे माझी ती.”