फ्लेमिंगची टाकी मेली तेव्हा

हान्स्टहोल्म बंदरात कुणालाही विचारा, तेलकट पाण्यातलं कुणाला कळतं? माझ्या धाकट्या भावाचंच नाव सांगतील, फ्लेमिंगचं. शाळा आम्ही दोघांनीही लवकर सोडली. पण जहाजांच्या तळाशी साचणारं खारट, काळं पाणी हा जंतूंना खाऊ घालतो आणि साफ झालं की समुद्रात सोडतो. गावच्या गटारातले जंतू एवढ्या मिठात मरतात. ह्याने मिठाची सवय लावत लावत स्वतःचे वाढवलेत, बंदरावरच्या टाकीतल्या गाळात. असा माणूस आमच्या अख्ख्या युटलंड प्रांतात नाही. हां, वर स्कागेन बंदरात गुड्रून हेच काम करते. पण ती ह्याच्या खालीच.

ह्याचा नियम एकच. जहाजाचं पाणी आधी बरणीत घ्यायचं, टाकीतला थोडा गाळ घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी गाळ तपकिरी राहिला, म्हणजे जंतू जगले, तरच जहाजाला पाइप जोडायचा.

एका संध्याकाळी प्रेबन आला. आमच्याच गल्लीतला, वाळूच्या जहाजावर इंजिन बघतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती.

"फ्लेमिंग, माझं पाणी आत्ताच घे रे बाबा. पहाटे तुम्ही सगळे माझ्या दारात गायला येणार, आणि नवराच बंदरात! इंगर मला घरात घ्यायची नाही."

"बरणी लावायला हवी रे."

"माझ्या पाण्याला बरणी? इतकी वर्षं काय विष देतोय काय तुला?"

फ्लेमिंगने पाइप जोडला.

पहाटे आम्ही रिवाजाप्रमाणे प्रेबनच्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधली. नवराबायको झोपेतले डोळे चोळत बाहेर आले, मग गाणी, गरम पाव, कडू दारूचा घोट. फ्लेमिंग सगळ्यांत मोठ्याने गात होता.

"अरे, लग्न तुझं का त्याचं?" मी चिडवलं.

तेवढ्यात प्रेबन खुशीत बोलून गेला, "काल घरी स्वच्छ यायचं म्हणून इंजिनखोलीची फरशी नव्या साबणाने घासली. तेल कसं लोण्यासारखं सुटलं!"

फ्लेमिंगने हातातला पाव खाली ठेवला.

आम्ही पोचलो तर टाकीच्या कठड्यावरून पांढरा फेस उतू जात होता. गाळ करडा पडलेला. एरवी तिथे ओल्या मातीचा वास यायचा, आता सडक्या अंड्यांचा. समुद्राकडची झडप त्याने धावत जाऊन बंद केली आणि तिथेच बसला.

"मी गात होतो, दादा. हे मरत होते आणि मी गात होतो."

"जंतूच ना ते! दुसरे आण."

"कुठून? वाढवायला महिने जातील. तोवर बोटींनी पाणी कुठे टाकायचं? गुपचूप समुद्रात?"

त्याने टाकी उपसली, घासून धुतली, आणि आम्ही टँकर घेऊन जिवंत गाळ मागायला स्कागेनला गुड्रूनकडे गेलो. मी गेलो, कारण बोलण्यात मला कुणी हरवत नाही.

"तुझा गाळ मेला?" गुड्रून म्हणाली. "तुझा?"

"वीज गेली होती," मी ठोकून दिलं. "हवेचा पंप बंद पडला. ह्याची काय चूक?"

"दादा, गप्प बस." मला असं कुणी बोलत नाही, फ्लेमिंग तर कधीच नाही. "वीज नव्हती गेली, गुड्रून. साबणाचं पाणी आलं. मी बरणी लावली नाही."

"तू? बरणी लावली नाही म्हणून मला चारचौघांत झापलं होतंस तू!"

"हो."

"जहाज कुणाचं? नाव सांग, सगळ्या बंदरांत कळवते. परत कुणी त्याचं पाणी घेणार नाही."

"ते विचारू नकोस. पाइप मी जोडला."

गुड्रूनने हातमोजे चढवले. मग म्हणाली, "टँकर मागे घे. अर्धाच भरीन. माझ्या टाकीलाही जगायचंय."

परतताना मी म्हणालो, "मिळाला ना गाळ? आता तरी हस."

"मेले ते मेले, दादा. हे तिचे आहेत."

टाकीने पुन्हा जीव धरला. वास ओल्या मातीचा आला, पाणी पहिल्यासारखं निवळ निघायला लागलं. प्रेबनला अजून काही माहीत नाही. भेटला की फ्लेमिंगच त्याची नजर चुकवतो. कुणी टाकीचं कौतुक केलं की हा पटकन म्हणतो, "माझी नाही, गुड्रूनची आहे." मी तिथे असलो तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण तो तसंच म्हणतो.