शेपटीवरची कोरी जागा

आमचा विमानाचा कारखाना विकायला काढलाय, त्यामुळे आज पुन्हा पाहुणे आले. या वर्षातले तिसरे. पाहुणे येणार म्हटलं की साहेबांचा एकच हुकूम असतो, विमान पुसा. दोन वर्षं एकाच पंखानिशी उभं आहे ते. इंजिनाचा पत्ता नाही, पण चमकलं पाहिजे!

शेपटीवरचं कंपनीचं जुनं नाव पहिल्या पाहुण्यांच्या वेळीच खरवडून टाकलं. "नवं काय लिहू?" आमचे पेंटर शिंदेमामा विचारत होते. "ठरलं की सांगतो," साहेब म्हणाले. ती जागा अजून कोरीच आहे.

आजच्यांनी पंखावरून बोट फिरवलं, चहा घेतला आणि "कळवतो" म्हणून गेले. अरे, नाही म्हणा ना सरळ! नकार आला की माणूस एकदा रडतो आणि दुसरीकडे कामाला लागतो. या 'कळवतो'मध्ये धड रडताही येत नाही.

सुटीच्या वेळी पाहिलं, तर मामा शेपटीवरची ती कोरी जागा पुसत होते.

"गेले ना ते! आता कुणासाठी पुसताय?"

"धुळीवर रंग धरत नाही," मामा म्हणाले.

पाहुण्यांचा आला नसेल इतका राग मला मामांचा आला. पण दुसरं फडकं कुठे आहे, एवढंच विचारलं.