मावसोबांचं नक्को

औषधाला नाही म्हणण्याच्या जगात जितक्या म्हणून तऱ्हा आहेत, त्या सगळ्या आमच्या मावसोबांनी वर्षभरात वापरून संपवल्या. मावसोबा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. उभा जन्म हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या कापडदुकानात गेला. गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे साठलेलं सगळं 'नाही' त्यांनी बहुधा डॉक्टरांसाठी राखून ठेवलं असावं. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या औषधाच्या बाबतीत हाच माणूस सासूपेक्षा कडक. नात्यात कुणी आजारी पडलं की सकाळी पहिला फोन यांचा, "गोळी घेतली का?" घेतली म्हटलं, तर खाऊन घेतली की उपाशीपोटी. माझ्या नवऱ्याने एकदा कंटाळून घेतली म्हणून थाप मारली, तर हे दिलसुखनगरहून बस पकडून हिमायतनगरला आमच्या घरी आले आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखव म्हणाले. ते दाखवता येईना, तेव्हा समोर बसून गोळी गिळायला लावली आणि मगच चहा घेतला.

तर अशा या माणसाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि त्यात हेपटायटिस सी निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरत राहतो, पण हल्ली काही महिने गोळ्या घेतल्या की बहुतेकांचा पुरता जातो. मावसोबांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नक्को."

पहिलं कारण, मला काही होत नाही. हे खरंच होतं. लिफ्ट बंद पडली की खूष होऊन जिना चढणारा तो माणूस. दुसरं कारण बदनामीचं. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटली दिसते, आणि हे तर खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून परत करणारे. तिसरं कारण दुकानातल्या एका जुन्या सोबत्याचं. त्याने पूर्वी याच रोगावर सुया घेतल्या होत्या. त्याला थंडीताप भरायचा, केस गेले, माणूस अर्धा झाला. आता सुया नाहीत, नुसत्या गोळ्या आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर मावसोबांचं म्हणणं, दवा बदलली असेल, बिमारी तर तीच आहे ना.

सगळ्यात भक्कम कारण माळेचं. लहानपणी गावाकडे त्यांना कावीळ झाली होती, तेव्हा जाणत्या माणसाने डोक्यावर काड्यांची माळ घातली होती. माळ लांबत लांबत खाली उतरते, तशी कावीळ उतरते, असा आमच्याकडे समज. मावसोबांची माळ थेट पायापर्यंत उतरली होती, आणि ती कुठवर आली होती हे त्यांनी खुर्चीतून उठून, वाकून, घोट्याला हात लावून डॉक्टरांना दाखवलं. ती कावीळ वेगळी, हे वेगळं, असं डॉक्टर म्हणाले. "असंल," मावसोबा म्हणाले, "पण उतरली ती उतरली."

आम्ही हसत होतो, पण मावशी हसत नव्हती. यकृत आधीच घट्ट होऊ लागलं आहे, फार उशीर केला तर गोळ्यांनीही झालेलं नुकसान भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा तर जीव नुसता टांगणीला लागला होता, कारण मी आज आहे ती या माणसामुळे. माझ्या थोरलीच्या वेळी बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. रक्त हवं म्हटल्यावर माझा शूर नवरा सुई पाहूनच आडवा झाला. मावसोबा दुकानातून उठून तसेच आले, शर्टाला साड्यांचे धागे चिकटलेले, आणि बाही वर करून म्हणाले, "पाहिजे तेवढं घ्या." असं रक्त त्यांनी शहरभर वाटलं. ओळखीच्यांना आणि बिनओळखीच्यांनाही. पुढे साखर निघाली, इन्शुलिन लागलं, तेव्हा कुठे थांबले.

रोग निघाल्यापासून ते आमच्याकडे येताना पिशवीतून स्वतःचा कप आणू लागले. कपाबशीने हे पसरत नाही असं डॉक्टर सांगून थकले होते. आणखी एक नवीन खोड लागली होती. आल्या आल्या मला गॅलरीत उजेडाला न्यायचे, माझी खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघायचे आणि आत यायचे. मी आधी चेष्टा केली. मग एकदा मनात आलं, ज्याला काही झालेलंच नाही, तो स्वतःचा कप वेगळा का ठेवतो?

मी सरळ विचारलं.

"दवा घेतली म्हणजे बिमारी हाय असं मानलं ना मी," ते म्हणाले. "मग तुला बी मीच दिली म्हणायची. तवा रक्ताची ही तपासणी कुठं व्हती?"

वर्षभर या माणसाने आम्हाला माळेच्या आणि सुयांच्या गोष्टी सांगून हसवलं, आणि स्वतः मात्र मनात एवढं ओझं घेऊन फिरत होता. तिथल्या तिथे मी चपला घातल्या आणि त्यांना घेऊन तपासणीला गेले. निकाल येईपर्यंत ते जेवले नाहीत नीट, असं मावशी सांगत होती. माझ्यात काहीच निघालं नाही. मी धावत जाऊन सांगितलं, तर दोनदा म्हणाले, "परत सांग." मग मावशीकडे वळून म्हणाले, "चल, दवाखान्यात जाऊ. गोळ्या घेऊ."

गोळ्यांनी त्यांना काहीच त्रास झाला नाही. याची त्यांना थोडी खंतही वाटली. एवढा लढा दिला आणि साधा तापसुद्धा नाही. शेवटच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. मावशीने साखर वाटली.

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन गेले, तर मावसोबा एकटेच बसले होते. रक्त दिलेल्यांपैकी जे आठवत होते त्यांना त्यांनी तपासून घ्यायला लावलं होतं, तेही सगळे बरे निघाले होते. पण बाकीच्यांची नावंच त्यांना माहीत नव्हती. कुणी शेजारच्या खाटेवरचा, कुणाची बाई, कुणाचं लेकरू.

"बाकीचे बी तुझ्यासारखेच असतील ना गं?" त्यांनी विचारलं.

मला काय ठाऊक? तरी मी "हौ" म्हणाले आणि खाली वाकले. एरवी ते पाया पडू देत नाहीत. मी म्हटलं, "माझा नमस्कार नाही हा. ज्यांना तुमचं घर माहीत नाही, त्यांचा आहे." तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.