टीव्ही खाली ठेवा

माझी मुलगी हरली ती मराठी भाषेमुळे, असं मी इकडे उत्तरेत, आमच्या तेलीबागेत सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ती माझ्यामुळे हरली.

प्रज्ञाला जुन्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत उतरायचं होतं. आजवरचा सराव लॅपटॉपवर, स्पर्धा मात्र अस्सल, कॅसेटवाल्या मशीनवर. मैत्रिणीकडून तिने तसं मशीन आठवडाभरासाठी मिळवलं. त्याला टीव्हीही जुनाच लागतो, मोठ्या पोटाचा. (नव्या टीव्हीवर बटण आज दाबलं तर गेममधला माणूस उद्या उडी मारतो!) तसा टीव्ही आमच्याकडे होता. त्यावर मी संध्याकाळभर बातम्या बघायचो.

मी मराठीत विचारणार, प्रज्ञा हिंदीत उत्तर देणार, आणि मी ‘घरात तरी मराठी बोल’ म्हणून तिचं डोकं खाणार, हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्या सकाळी कॉलेजला निघताना ती दारातून म्हणाली, “बाबा, आज टीव्ही खाली ठेवा हं. मशीन लावायचंय.”

शुद्ध मराठी! माझे डोळे भरून आले. माझ्या बातम्यांना कंटाळून पोरगी खाली जिन्याजवळ बसून सराव करणार, या विचाराने आणखीच भरले. मी रजा टाकली. ते धूड छातीशी कवटाळून दोन मजले उतरलो, जिन्याखाली ठेवलं आणि कमरेला मलम चोळून आडवा झालो.

संध्याकाळी प्रज्ञा मशीन घेऊन आली.

“बाबा, टीवी कहाँ है?”

“खाली.”

“हाँ, खाली है, पर है कहाँ?”

“अगं, खाली!”

आम्ही दोघं खाली धावलो. टीव्हीची जागा खाली होती. हिंदीतली खाली! तळमजल्यावरचे मिश्राजी हसतमुखाने पुढे आले. “भाईसाहब, आपका कबाड़ हमने कबाड़ीवाले को उठवा दिया. अरे, शुक्रिया कैसा!”

प्रज्ञा रडवेली झाली. “मैंने खाली बोला था, बाबा! मतलब फ्री!”

“मराठीत त्याला मोकळा म्हणतात,” मी म्हणालो. (तेव्हा तरी गप्प बसायचं होतं.)

मग तिने शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीवर आधीच बटण दाबायची सवय लावून घेतली, आणि स्पर्धेत जुन्या टीव्हीवर आधीच उड्या मारून पहिल्याच फेरीत खड्ड्यात गेली.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसून माफी मागू लागलो. टीव्हीची, बातम्यांची, मराठीच्या सक्तीची.

“बस, बाबा. इतना मत सोचो,” ती थकून म्हणाली. “डोकं खाली ठेवा.”

कुठल्या भाषेतलं खाली, ते मी विचारलं नाही. मराठीतलं शरमेने झालंच होतं, आणि हिंदीतलं तर जन्मापासून आहे!