सोडून दिली की सोडावी लागली

दुभाषीबाईंचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धरला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हातांना जरा विश्रांती द्या." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी आता गप्प बसू?" डॉक्टरांना विनोद कळला नाही आणि बाईंना तो समजावून सांगायचा कंटाळा आला. दिवसभर त्या तेच तर करत.

त्यांचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. त्याच्याशी बोलायला आईला वेळ नव्हता, वडिलांना धीर नव्हता, म्हणून लहानपणीच त्या त्याचे कान झाल्या आणि तोंडही. पुढे तेच पोटापाण्याचं काम झालं. दवाखाना, कोर्ट, शाळा, जिथे बहिऱ्या माणसाचं ऐकू येणाऱ्यांशी काम पडेल तिथे त्या मधल्या खुर्चीवर. एकाचं बोलणं हातांनी सांगायचं, दुसऱ्याच्या खुणा तोंडाने. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. चांगली बातमी द्यायला दुभाष्याला कोण बोलावतं? त्या दिवशी सकाळीच त्यांनी एका बहिऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं होतं की आता त्याची दृष्टीही जाणार. तो बराच वेळ त्यांच्या हातांकडेच बघत राहिला होता.

त्यामुळे दुपारी बाइंडरच्या घरी लग्नाच्या गाण्यासाठी जायचं म्हणजे त्यांना सुट्टीच वाटली.

बाइंडर आणि त्याची बायको, दोघंही बहिरी. तो छापखान्यामागच्या खोलीत पुस्तकं बांधायचा, ती गणवेशांच्या कारखान्यात शिवणावर होती. ओळखीपाळखीत तिचं नाव शिंपीण. मुलीला मात्र ऐकू येत होतं आणि तिचं लग्न तोंडावर आलं होतं. समारंभात नवऱ्या मुलाची बहीण एक जुनं गाणं म्हणणार होती. मुलगी बाईंना म्हणाली होती, "मावशी, सगळे टाळ्या वाजवतील आणि आईबाबा शेजारच्यांकडे बघून वाजवतील. मला ते नकोय. त्यांना गाणं कळायला हवं."

गाणं सगळ्यांच्या तोंडचं. बाईंनीही ते भांडी घासताना कितीदा गुणगुणलं होतं:

नदी ओलांडून आले तुझ्या दारी,
परतीची वाट सोडून दिली पाण्यावरी.

दोघांपुढे तालीम म्हणून करून दाखवताना पहिली ओळ हातांतून सहज गेली. दुसरीपाशी बाई अडल्या. तोंडाने 'सोडून दिली' म्हटलं की भागतं, चालीत ते वाहून जातं. हातांचं तसं नसतं. मूठ उघडायची ती कशी? फूल सोडावं तशी, की कुणीतरी बोटं उलगडावीत तशी? आणि चेहरा हसरा, की ओढलेला? काहीतरी एक ठरवावंच लागतं. बाईंनी सवयीने हसून, हलकेच मूठ उघडली.

बाइंडर खूश झाला. शिंपिणीच्या भुवया वर गेल्या.

"कोणी सोडायला लावली?" तिने हातांनी विचारलं.

"कोणी नाही. प्रेमाने सोडली," बाइंडर म्हणाला.

"प्रेमाने माणूस येतो. त्यासाठी मागची वाट कशाला सोडेल? सोडावी लागली असणार."

"अगं, गाणं आहे ते. चौकशी काय करतेस?"

"तुला काय कळणार! तू कुठली नदी ओलांडलीस? तू तुझ्याच घरात होतास. तुझीच आई, तुझंच अंथरूण."

बाइंडरचे हात क्षणभर हवेत थांबले, मग भराभर चालू लागले. इतकी वर्षं झाली, कधी काही कमी पडू दिलं का, माहेरी जायला कधी नाही म्हटलं का. शिंपिणीने सरळ डोळे मिटून घेतले. बहिऱ्यांच्या घरात दार आपटून काही साधत नाही. डोळे मिटले की बोलणं खुंटलं. त्याने तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली, टेबल हलवून पाहिलं. ती दगडासारखी बसून राहिली.

शेवटी तो बाईंकडे वळला. "तूच सांग, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय?"

"मी मधली. मला मत नसतं."

शिंपिणीने नेमका तेवढ्यात एक डोळा उघडला होता. तिने विचारलं, "तुझं लग्न झालंय ना? मग मत कसं नाही?"

बाई घरी आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघरातला गळका नळ खोलून बसला होता. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. रस्त्यावर हॉर्न वाजवून झालं म्हणून की काय, घरात त्याचा आवाज क्वचितच निघे. बाई खुर्चीवर बसल्या आणि खांदा दाबत म्हणाल्या, "अहो, ते 'नदी ओलांडून आले' गाणं आहे ना, त्यातली ती वाट का सोडून देते?"

"आज हे काय मध्येच?"

"सांगा ना. दाढी करताना तुम्हीच म्हणता ते."

त्याने पाना खाली ठेवला. "मला आपलं वाटतं, ती दमलेली असणार. परत जायचं म्हणजे पुन्हा ती नदी आली. कोण ओलांडणार?"

बाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं, त्यांना कळलंच नाही. नवऱ्याने ते पाहिलं. थोडा वेळ नळाशी खुडबुड करून, मान न वळवता तो म्हणाला, "तुला जायचं होतं का कधी?"

"होतं की. दोनदा तरी."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "विचारायचं धाडस नाही झालं."

त्याने पुन्हा पाना उचलला. जे ऐकलं ते इतक्या वर्षांनी आज ऐकलं, याचा बाईंना ना राग आला, ना फार आनंद झाला.

लग्नाच्या दिवशी गाणं सुरू झालं तेव्हा बाई गाणारीच्या शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी हसरा चेहरा केला नाही, रडवेलाही नाही. त्यांच्या हातांतली ती गाण्यातली बाई दारापर्यंत आली, उंबऱ्यावर टेकली, तिने कपाळावरचा घाम पुसला. मग वाट पाण्यावरून लांब लांब जाताना नुसती बघत राहिली. वाटेमागे धावण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. पहिल्या रांगेत बाइंडर गंभीर झाला. त्याने बायकोकडे पाहिलं. या खेपेला शिंपिणीचे डोळे उघडे होते.

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आतच शिंपीण उठली आणि भरल्या हॉलसमोर मुलीपाशी जाऊन हात चालवू लागली. मुलीचा चेहरा पडला, मग उजळला, मग तिने आईला मिठीच मारली. नवऱ्या मुलाच्या आईने बाईंना खुणावलं. "काय म्हणाल्या हो विहीणबाई?"

सगळे वळून बघत होते. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. बाईंना तो विचारही शिणवणारा वाटला. त्यांनी घसा साफ केला आणि जसंच्या तसं सांगितलं, "त्या म्हणाल्या, गाण्याचं मनावर घेऊ नकोस. तुझी वाट मी सोडलेली नाही. हौस म्हणून ये, भांडून ये, नुसती झोपायला ये. कारण विचारणार नाही."

नवऱ्या मुलाचे वडील उगाचच हसले. मुलाची आई मात्र शिंपिणीकडे बघत राहिली आणि बाईंना हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं."

बाईंनी ते हातांनी सांगितलं. शिंपिणीने उत्तर न देता शेजारची खुर्ची ओढली आणि विहिणीला बसायची खूण केली. त्या खुणेला दुभाष्याची गरज नव्हती. मग बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, दोन्ही हात मांडीवर पालथे टाकले आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत उचलले नाहीत.