मामेऱ्यातली चार नाणी

भुजच्या सराफ बाजारात आमच्या यांच्याइतका धंद्याला कुचकामी माणूस दुसरा नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि ते हसतात. जुनं नाणं विकायला कुणी आलं की बाकीचे तराजू काढतात, हे भिंग काढतात. काठ बघतील, चुंबक लावतील, दगडावर टणकन वाजवतील, दोन्ही बाजू वाचतील, आणि वर गिऱ्हाइकालाच सांगतील, "वजनावर विकू नका हो, याचे तिप्पट येतील." तिप्पट ऐकल्यावर कोण आम्हाला विकणार? गिऱ्हाईक नाणं घेऊन घरी जातं. चहा आमचाच पिऊन.

आषाढी बीज, म्हणजे आमचं कच्छी नवं वर्ष, होऊन चार दिवस झाले असतील. लाछबाई आली, मागून काठी टेकत तिची सासू मेघबाई. लाछबाईनं रुमाल सोडला. आत जुन्या कच्छी चलनातली पाच कोरीची चार नाणी, काळीठिक्कर. चौऱ्याण्णव साली तिच्या लग्नात कानजीमामानं मामेऱ्यात, म्हणजे मामाकडच्या आहेरात, आणलेली.

"वेलजीभाई, यात चांदी आहे की नाही, एकदाचा निकाल लावा," ती म्हणाली. "असली तर विकून टाकते."

"कसली चांदी!" मेघबाई बाकावर बसता बसता म्हणाल्या. "साल बघा. एकोणीसशे त्र्याण्णव! कोरी बंद होऊन जमाना लोटला, आणि हिच्या मामानं आदल्या वर्षी पाडलेली आणली. चोर तरी किती अडाणी, खरं साल घालून बसला!"

हेच त्या मांडवात सगळ्यांदेखत बोलल्या होत्या. कानजीमामा तेव्हा खाली मान घालून गेले, ते पुन्हा त्या घरी पाणी प्यायलाही आले नाहीत. आता ते पंच्याऐंशीचे. ते असेपर्यंत खरंखोटं कळावं, एवढंच लाछबाईला हवं होतं. विकण्याचं निमित्त होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"कधी घासली नाहीत ना?" यांनी विचारलं.

"खोट्याला कोण घासत बसतं? पेटीच्या तळाशी पडून होती," मेघबाई म्हणाल्या.

"फार छान केलंत."

मग भिंग, चुंबक, दगड. चारही नाणी खणखणीत वाजली. माझा चहा उतू गेला, पण मी जागची हलले नाही. चौथं नाणं खाली ठेवून हे सासूकडे वळले. "मासी, या बीजेला कितवं साल लागलं?"

"दोन हजार ब्याऐंशी. एवढंही ठाऊक नाही?"

"मग हे त्र्याण्णव कुठलं?"

मेघबाईंनी नाणं उचलून डोळ्यांजवळ नेलं. दर वर्षी स्वतःच्या हातानं पंचांग टांगणारी बाई!

"विक्रम संवताचं साल आहे, मासी. सत्तावन्न वजा करा. इंग्रजी एकोणीसशे छत्तीस! मागच्या बाजूला फारसीत विलायतेच्या राजाचं नाव आहे. तो वर्षभरही गादीवर टिकला नाही, म्हणून हे नाणं शोधत लोक येतात. आपल्या भुजच्याच टांकसाळीतलं, अस्सल. घासलेलं नाही म्हणून आणखी भाव. बोला लाछबेन, विकायचं?"

लाछबाई हसत होती की रडत होती, तिलाच कळत नव्हतं. मी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

मेघबाईंनी नाणं रुमालात ठेवलं. मग सुनेला म्हणाल्या, "फोन लाव तुझ्या मामाला. मी बोलते."

फोन मोठ्या आवाजावर ठेवला. "कानजीभाई, तुमची नाणी खरी आहेत. साल मी चुकीचं वाचलं. मांडवात बोलले ते चुकलं माझं."

मला वाटलं, आता म्हातारा तीस वर्षांचं सगळं सुनावणार.

"खरी आहेत?" मामा म्हणाले. "विहीणबाई, मला तर वाटलं होतं मीच फसलो. दुभती म्हैस विकून घेतली होती मांडवीच्या एका खलाशाकडून. भाचीला खोटं दिलं, मग कुठल्या तोंडानं येणार होतो?" जरा थांबून ते म्हणाले, "म्हणजे माझी म्हैस वाया नाही गेली."

"म्हैस नाही गेली हो," मेघबाई म्हणाल्या. "उद्या गोड लापशी करते. या जेवायला. पहिला घास मी भरवीन."

नाणी अर्थातच विकली गेली नाहीत. कमाई शून्य. मी काही बोलणार होते, पण हे भिंगाच्या फडक्यानं डोळे पुसत होते, म्हणून पुन्हा चहा ठेवायला आत गेले.